बादली, नळी आणि काचेचा स्पिंडल: घरच्या बिअरचं सामान

माझा भाचा लीड्सला नोकरी करतो. दिवाळीच्या आधी त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ताई बेळगावला टिळकवाडीत माझ्याच घरी चकलीचं पीठ मळत बसली होती. "मामा, तुम्ही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एवढी वर्षं काढलीत. मला इथं घरी बिअर करून बघायचीय. काय काय सामान घेऊ, सांगा की." ताईचा हात परातीतच थांबला. तिचा पहिला प्रश्न पिण्याचा नव्हताच. "घरात केलेली विषारी होते म्हणे. खरं काय रे?"

आधी तिचंच उत्तर देतो, कारण आमच्या भागात 'घरची दारू' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हातभट्टी येते. विषारी दारूनं माणसं मरतात ती बहुतेक मिथेनॉलमुळे, आणि ते सहसा कुणीतरी भेसळ म्हणून घातलेलं असतं. बिअर ही नुसती आंबवलेली असते, भट्टी लावून काढलेली नसते. धान्य आंबवताना मिथेनॉल तयार झालंच तर नावापुरतं. फसलेली बिअर आंबट होते, घाण वास मारते, मोरीत ओतावी लागते. ती माणूस आंधळा करत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. दारू हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय आहे, आणि सीमेवर राहणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याहून येताना डिकी उघडून दाखवायची सवय असतेच. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, कोगनोळीच्या पलीकडं महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं दोन्हीकडं गुन्हा आहे. बिअर त्यातून सुटलेली नाही. तेव्हा बेळगावात, खानापुरात, निपाणीत बसून हे वाचणाऱ्यांनी वाचावं, समजून घ्यावं, बादली मात्र मांडू नये. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकता येत नाही, आणि परवान्याशिवाय भट्टी लावणं तिथंही चालत नाही. म्हणून भाच्याला यादी द्यायला माझी हरकत नव्हती.

त्यानं दुकानाच्या पानाचे फोटो आधीच पाठवले होते. चकाकत्या स्टीलचा नळवाला मोठा टोप, तांब्याची वेटोळी नळी, विजेवर चालणारं सगळं एकातलं यंत्र. मोजायचं एकही साधन त्यात नव्हतं. मी म्हटलं, उलटीकडून सुरू कर. मोजणारं सामान आधी घे, चकाकणारं पुढच्या वर्षी.

सामान कशाला लागतं ते कळायला बिअर होते कशी हे आधी कळलं पाहिजे, आणि ते आपल्या बायकांना निम्मं माहीतच असतं. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात, जरा भाजून दळतात. या पिठाची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होते आणि गोडसर लागते. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम तयार होतात, ती पिठातल्या स्टार्चचे तुकडे पाडून साखर करतात, म्हणून. बिअरसाठी हेच सातूचं, म्हणजे बार्लीचं करतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते. तो गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून तासभर उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, वजनानं जवळपास निम्मं निम्मं. या गोड काढ्याला वर्ट म्हणतात. माणसाचं काम वर्टपर्यंत, पुढचं यीस्टचं. बव्हेरियात १५१६ साली बिअरमध्ये काय घालावं याचा कायदा झाला, त्यात पाणी, सातू आणि हॉप्स एवढीच नावं होती. यीस्ट नावाची जिवंत वस्तू आहे हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या खेपेला भाच्यानं माल्ट भिजवत बसू नये असं माझं मत. साखर काढून आटवलेला माल्टचा पाक डब्यात मिळतो, काकवीसारखा दाट. दहा लिटर बिअरला तो साधारण दीड किलो लागतो. त्यानं अर्धा व्याप कमी होतो आणि सामानही कमी होतं.

आता टोप. दहा लिटर बिअरसाठी सगळा वर्ट एकदम उकळायचा तर सोळा-अठरा लिटरचा टोप हवा, कारण तासाभरात पाणी आटतं आणि वर फेसाला जागा लागते. पहिली उकळी येताना वर्ट दुधासारखा उतू जातो. पाठ फिरवली की गेलाच, आणि शेगडीवर त्याचा जो चिकट थर बसतो तो दुधापेक्षा वाईट. पण पाक वापरत असाल तर पाच-सहा लिटरच उकळून, उरलेलं पाणी वेगळं उकळून थंड करून नंतर मिसळता येतं. मग घरातलं नऊ-दहा लिटरचं स्टीलचं भगुणं पुरतं. पाणी उकळायचं ते जंतूंसाठी, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणूनही. क्लोरीन राहिलं तर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो.

ताईनं मध्येच विचारलं, आईचा पितळी हंडा माळ्यावर पडलाय, तो नाही का चालणार? मी विचारलं, त्यात ताक ठेवशील का? ती हसली. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो हे तिला मी सांगायची गरज नव्हती. वर्ट आंबतो तसतसा आंबट होत जातो. स्टील घ्यावं आणि विषय संपवावा.

स्वच्छतेवर मात्र मी भाच्याचं अर्धा तास डोकं खाल्लं. स्वच्छ भांडं आणि निर्जंतुक भांडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घासलेलं भांडं डोळ्यांना स्वच्छ दिसतं, जंतूंना त्यानं काही फरक पडत नाही. आधी घासून चिकटपणा घालवायचा, आणि मग निर्जंतुक करायचं. चिकटपणावर औषध ओतलं तर ते वरच्या वर राहतं. तिकडं धुवावं न लागणारं निर्जंतुकीकरणाचं द्रावण मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या मापात पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत भरून हाताशी ठेवायचं. उकळताना ही काळजी नाही, उकळी सगळं मारते. आच बंद करून वर्ट थंड व्हायला लागला की तिथून पुढं जे जे त्याला लागेल ते सगळं निर्जंतुक हवं: झाकण, नळी, चमचा, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी लावायची नाही, ओरखड्यात जंतू घर करतात. आणि बादलीला नळ असेल तर तो दरवेळी सुटा करून धुवायचा. माझ्या अनुभवात घाण नेहमी तिथं असते जिथं बोट पोचत नाही.

बादलीला ते लोक फर्मेंटर म्हणतात. घट्ट झाकणाची, अन्नासाठी चालणारी, आणि मोठी. दहा लिटरला निदान तेरा लिटरची, कारण यीस्ट जोरात आलं की वर चांगला जाड फेस चढतो. रंगाची रिकामी बादली घासून वापरणारे असतात, त्यांच्याकडं मी पाणीही पीत नाही.

झाकणाला भोक आणि भोकात एअरलॉक. हे छोटं प्लास्टिकचं नाटक आहे, आत दोन बोटं पाणी. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. ते नसेल तर झाकणातून एक नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं तरी तेच काम होतं. त्याची गरज कळायला एक हिशेब पुरे. दहा लिटरची साधी साडेचार टक्क्यांची बिअर होताना साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. खोलीच्या तापमानाला त्याचे पावणेदोनशे-दोनशे लिटर होतात. दहा लिटरच्या बादलीतून दोनशे लिटर वायू! झाकण घट्ट लावून वाट बंद केलीत तर तो दुसरी वाट काढणार.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा एप्रिलात निपाणीकडच्या एका गुऱ्हाळावरून ऊसाचा रस आणला होता, सरबताच्या काचेच्या बाटलीत, बूच गच्च ठोकून. संध्याकाळी पाहुणे आले, रस ओट्याखाली राहून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात बार उडाला. उठून बघतो तर फरशीभर काचा, आणि भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रसाचे ओघळ. लॅबमध्ये आयुष्य काढलेला माणूस मी, आणि ऊसाच्या सालीवर रानटी यीस्ट असतं हे मला घरी आठवलं नाही. बायको अजून पाहुण्यांसमोर ती गोष्ट सांगते. काचेची भीती मला तेव्हापासून आहे, आणि ती असावी असं माझं म्हणणं आहे.

थर्मामीटर. दूध विरजताना आपण बोट बुडवून बघतो. कढत दुधात विरजण घातलं तर ते मरतं आणि दही लागत नाही. यीस्टचंही अगदी तसंच, फक्त बोटाचा अंदाज पुरत नाही. वर्ट पंचविसाच्या खाली, जमलं तर विसापर्यंत उतरल्याशिवाय यीस्ट सोडायचं नाही. भगुणं झाकण लावून सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि पाणी दोन-तीनदा बदललं तर पाऊण तासात उतरतं. तांब्याची वेटोळी नळी याच कामाची असते, पण दहा लिटरला सिंक पुरतं.

नवा थर्मामीटर आणला की बर्फाच्या पाण्यात धरून बघायचा, शून्य दाखवतो का. मग उकळत्या पाण्यात. इथं गंमत आहे. लीड्सला तो शंभराच्या जवळ दाखवेल. बेळगावात साडेसत्त्याण्णव दाखवेल. थर्मामीटर बिघडलेला नसतो, आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. कारखान्यात नवीन आलेली पोरं दर वर्षी या मुद्द्यावर थर्मामीटर बदलून मागायची.

यीस्ट सोडल्यानंतरही तापमान पाळायचं. एल जातीची बिअर अठरा ते वीस-बावीस अंशांत चांगली होते. लागर जातीला आठ ते बारा अंश लागतात, म्हणजे वेगळा फ्रीज. पहिल्या खेपेला लागरच्या नादी लागू नये. शिवाय आंबताना वर्ट स्वतःच तापतो, खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त. खोलीत वीस आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, बादलीला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते ती लावायची. फार तापलं तर यीस्ट थिनरसारखा वास सोडतं, आणि भारी अल्कोहोलंही जास्त करतं. उपाय माठाचाच: बादलीला ओला पंचा गुंडाळून पंख्यासमोर ठेवणे. लीड्सच्या थंडीत त्याला हे लागणार नव्हतं. त्याला उलट हीटरशेजारचं कपाट शोधावं लागलं.

आता माझा आवडता भाग. ज्यांनी गावच्या डेअरीत दूध घातलंय त्यांनी लॅक्टोमीटर बघितलेला असतो: काचेची फुगीर नळी, तळाशी वजन, वर बारीक मानेत आकड्यांची कागदी पट्टी. दुधात पाणी घातलं की ती जास्त खाली बुडते आणि शेजारच्यांसमोर अब्रू जाते. हायड्रोमीटर हा तिचाच भाऊ. कारखान्यात आम्ही त्याला ब्रिक्स स्पिंडल म्हणायचो आणि रसात शेकडा किती साखर आहे ते, म्हणजे ब्रिक्स, मोजायचो. डेअरीतला लॅक्टोमीटर मात्र बिअरला वापरता येत नाही, त्याची पट्टी दुधापुरती आखलेली असते आणि बिअरला दोन्ही टोकांना तिच्या बाहेर जावं लागतं.

साध्या पाण्यात हायड्रोमीटर १.००० दाखवतो. साखर जितकी जास्त तितका तो वर तरंगतो. साध्या बिअरचा वर्ट यीस्ट घालण्याआधी १.०४० ते १.०५० दाखवतो. ब्रिक्सची सवय असणाऱ्यांनी दशांशानंतरच्या आकड्याला चारानं भागावं: ४५ ला साधारण सव्वाअकरा ब्रिक्स. गिरणीतला पहिला रस अठरा-वीसचा असतो, म्हणजे वर्ट ऊसाच्या रसापेक्षा बराच फिका.

यीस्टनं साखर खाल्ली की आकडा उतरत जातो आणि १.००८ ते १.०१२ च्या आसपास थांबतो. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते. १.०४५ वरून १.०१० वर आलं तर फरक ०.०३५, म्हणजे साधारण साडेचार टक्के. पहिला आकडा यीस्ट घालण्याआधीच लिहून ठेवावा लागतो. विसरलात तर शेवटी हातात एकच आकडा राहतो आणि त्यातून काहीच निघत नाही.

वाचायची रीत आहे. उंच काचेच्या नळीत नमुना घ्यायचा, स्पिंडल सोडून हलकेच गरकन फिरवायचा म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, नाहीतर ते त्याला वर उचलून धरतात आणि साखर खोटीच जास्त दिसते. मग वाकून डोळा द्रवाच्या पातळीत आणायचा. काचेजवळ द्रव जरा वर चढलेला असतो, तो नाही वाचायचा, मधली सपाट पातळी वाचायची. बहुतेक स्पिंडल वीस अंशांना आखलेले असतात. तीस अंशांच्या वर्टमध्ये घातला तर शेवटचा आकडा दोन-अडीचनं कमी येतो. आणि नमुना परत बादलीत ओतायचा नाही. चाखून बघायचा, उरलेला फेकायचा.

ऊसवाल्या शेतकऱ्यांकडं आणि कारखान्याच्या माणसांकडं हातात धरून डोळा लावायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. दोन थेंबांत काम. तो यीस्ट घालण्याआधी झकास चालतो. नंतर मात्र अल्कोहोल प्रकाश वेगळा वाकवतं आणि तो असलेल्यापेक्षा जास्त साखर दाखवतो. भाच्याच्या एका मित्रानं तोच वापरून "माझी बिअर अडकलीय, साखर उतरतच नाही" म्हणून आठवडाभर काळजी केली होती.

भाच्यानंही सातव्या दिवशी फोन केला. "मामा, बुडबुडे थांबले. झाली काय?" मी विचारलं, आकडा किती? "तो नाही बघितला." बुडबुड्यांवर भरवसा नाही. झाकण जरा सैल असेल तर आत जोरात आंबत असूनही एअरलॉक गप्प बसतो, आणि खोली तापली तर झालेल्या बिअरमधूनही विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतात. त्यानं मोजला, १.०१९. म्हणजे पाऊण भागाच्या आसपास झालेलं, संपलेलं नाही. त्या दिवशी बाटल्या भरल्या असत्या तर माझ्या ऊसाच्या रसाची गोष्ट लीड्सला घडली असती. पुढच्या आठवड्यात आकडा १.०११ वर आला आणि तीन दिवस तिथंच राहिला. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच आंबणं संपलं समजायचं.

बादलीतून बाटलीत न्यायला साधी अन्नासाठीची नळी लागते, सायफनची. तोंडानं ओढायची नाही, तोंडात जंतूंची जत्रा असते. नळीत निर्जंतुक पाणी भरून एक टोक बादलीत आणि दुसरं खाली सोडलं की आपोआप चालू होतं. टोक तळाशी टेकवायचं नाही, तिथं यीस्टचा गाळ असतो, इडलीच्या पिठासारखा दाट. आणि खळखळाट होऊ द्यायचा नाही. आता हवा मिसळली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

शेवटी बाटल्या. बिअरमध्ये बुडबुडे यावेत म्हणून भरताना थोडी साखर परत घालतात, उरलेलं यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत वायू करतं. लिटरला सहा ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीला तीन. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा चमच्यानं मोजत बसू नये. सगळ्या दहा लिटरची साठ ग्रॅम साखर काट्यावर तोलून, कपभर पाण्यात उकळून, निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या भांड्यात आधी घालावी आणि बिअर त्यावर सायफन करावी. सगळ्या बाटल्यांत सारखी जाते. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा म्हणून यादीत हवाच.

बाटली दाब सोसणारीच हवी. बिअरच्या वापरलेल्या जाड बाटल्या चालतात, नवी बुचं आणि ती दाबून बसवायचं हातयंत्र घ्यायचं. रंग तपकिरी बरा, हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड लागला की हॉप्सला कुबट वास येतो. सरबताच्या, सॉसच्या, शोभेच्या बाटल्या नाहीत. लहानपणी आपण गोटी सोडा प्यायलो, त्यातली काच किती जाड असायची आठवा. गोटीला वर दाबून धरणारा तो आतला वायूच असायचा.

दहा लिटरला अर्ध्या लिटरच्या अठरा-एकोणीस बाटल्या होतात, बाकी गाळात जातं. त्यातली एक बाटली मी त्याला कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकची भरायला लावली. काचेच्या आत काय चाललंय ते कळत नाही, प्लास्टिक दाबून बघता येतं. भरल्या दिवशी ती मऊ होती. चौथ्या दिवशी कडक व्हायला लागली, दहाव्या दिवशी अंगठ्यानं दबेना. तेव्हा सगळ्या बाटल्या खोक्यासकट थंड जागी हलवल्या. ताई तोपर्यंत रोज सकाळी फोनवर त्याला एकच विचारायची, बाटली दाबून बघितलीस का रे?